सरकत्या लवचिक डिस्प्लेचे उपकरण आणि ‘सहज सुचण्याजोगे’ असण्याची कसोटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न नेमक्या कोणत्या उपकरणाबद्दल आहेत?

ज्या उपकरणाच्या सांगाड्याचे दोन भाग एकमेकांवर सरकतात आणि त्याबरोबर आत वळवून ठेवलेला लवचिक डिस्प्ले बाहेर येऊन पडद्याचा दिसणारा भाग वाढतो, त्या फोन, टॅबलेट किंवा तत्सम उपकरणांबद्दल हे प्रश्न आहेत. त्या विषयातल्या जाणकाराला जो शोध सहज सुचला असता, त्याला पेटंट मिळत नाही; ही कसोटी अशा उपकरणांना कशी लावायची ते येथे पाहू. ओप्पोने नोव्हेंबर २०२० मध्ये दाखवलेल्या अशा एका नमुन्यात पडदा ६.७ इंचांवरून ७.४ इंचांपर्यंत वाढत असे. घडीच्या फोनमध्ये डिस्प्ले ठरलेल्या एकाच रेषेवर वाकतो. सरकत्या उपकरणात वाकण्याची जागा डिस्प्लेवर पुढेमागे फिरत राहते, कारण रोलरभोवती कधी त्याचा एक भाग येतो तर कधी दुसरा. हा फरक सुरुवातीलाच मनात पक्का करून घ्यावा. घडीच्या फोनमधला उपाय सरकत्या फोनमध्ये आणणे सहज सुचले असते की नाही, हा वाद बहुतेक वेळा याच फरकापाशी येऊन थांबतो.

रोलर, स्प्रिंग, लवचिक पडदा हे सगळे आधीपासून माहीत असेल, तर पेटंट मिळणारच नाही ना?

असे नाही. जवळजवळ प्रत्येक यांत्रिक शोध माहीत असलेल्या भागांचाच बनलेला असतो. विचारायचा प्रश्न असा की, अर्जाच्या प्राधान्य तारखेला (म्हणजे त्या शोधासाठी पहिला अर्ज केला त्या तारखेला) त्या विषयातल्या जाणकाराला हे भाग नेमके याच रीतीने जोडण्याचे काही कारण दिसत होते का, आणि जोडल्यावर ते काम करतील अशी वाजवी अपेक्षा त्याला होती का. भाग माहीत असणे आणि त्यांची जोडणी सहज सुचण्याजोगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या मते पेटंट मिळेल की नाही हे सांगणारे या क्षेत्रातले निम्मे चुकीचे अभिप्राय या दोहोंची गल्लत झाल्यामुळेच लिहिले जातात.

कायद्यांची भाषा देशागणिक बदलते. अमेरिकेत पेटंट कायद्याच्या कलम १०३ खाली १९६६ च्या ग्रॅहम विरुद्ध जॉन डीअर या निकालाची चौकट वापरतात: पूर्वज्ञानाची (आधीच्या दस्तऐवजांतून वगैरे माहीत असलेल्या गोष्टींची) व्याप्ती, दावा (अर्जात ज्यावर हक्क मागितला आहे ते वाक्य) आणि पूर्वज्ञान यांतला फरक, जाणकाराची पातळी आणि बाजारातले यश वगैरे बाह्य पुरावे. २००७ च्या केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स निकालाने असे बजावले की, पूर्वज्ञानाचे दोन दस्तऐवज जोडण्याची सूचना त्या दस्तऐवजांतच लिहिलेली सापडली पाहिजे असा ताठर आग्रह धरता येणार नाही. युरोपात युरोपीय पेटंट कराराच्या कलम ५६ खाली सर्वांत जवळचे पूर्वज्ञान घेऊन त्याच्याशी असलेल्या फरकावरून ‘वस्तुनिष्ठ तांत्रिक समस्या’ मांडतात, आणि मग जाणकाराने हा उपाय केला असता का असे विचारतात. तो करू शकला असता एवढे पुरत नाही. भारतात पेटंट कायदा, १९७० च्या कलम २(१)(जेए) मध्ये विद्यमान ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व किंवा दोन्ही, आणि त्यामुळे शोध जाणकाराला सहज न सुचण्याजोगा ठरणे, अशी शोधाच्या पायरीची (याच कसोटीचे कायद्यातले नाव) व्याख्या आहे. वाटा तीन असल्या तरी मुक्कामाचा प्रश्न एकच आहे.

हा ‘जाणकार’ म्हणजे नक्की कोण?

तो काल्पनिक माणूस आहे: त्या क्षेत्रातले सगळे पूर्वज्ञान त्याच्यासमोर आहे, नेहमीचे प्रयोग तो करू शकतो, पण प्रतिभेची झेप घेत नाही. सरकत्या डिस्प्लेच्या बाबतीत तो एकटा माणूस मानू नये, तर छोटा गट मानावा, कारण प्रत्यक्षातही हे काम गटच करतो: सरकते सांगाडे आणि गिअर जाणणारा यांत्रिक अभियंता, आणि पॉलीइमाइड या लवचिक प्लास्टिकवर बनवलेल्या ओएलईडी (स्वतः प्रकाश देणाऱ्या) पॅनेलचे थर, गोंद आणि ताण समजणारा पदार्थतज्ज्ञ. जाणकाराची पातळी अभिप्रायाच्या पहिल्याच पानावर लिहून टाकावी. ती मोघम ठेवली तर पुढे सोयीप्रमाणे वर-खाली सरकवली जाते.

या जाणकाराला कोणत्या गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत?

येथे थोडे यंत्रशास्त्र पाहणे भाग आहे, कारण नेमकी ‘सामान्य ज्ञान’ या शब्दाखाली सर्वाधिक झाकाझाक होते.

पहिली गोष्ट लांबीची. डिस्प्लेचे एक टोक पहिल्या सांगाड्याला घट्ट बसवले आहे, रोलर दुसऱ्या सांगाड्याच्या कडेला आहे, आणि डिस्प्ले रोलरवरून वळून मागे गेला आहे असे समजा. दुसरा सांगाडा १० मि.मी. बाहेर सरकला की समोरचा भाग १० मि.मी. वाढतो आणि मागचा तेवढाच कमी होतो. पण रोलर स्वतःही १० मि.मी. पुढे गेलेला असतो, म्हणून डिस्प्लेचे मागचे टोक पहिल्या सांगाड्याच्या तुलनेत २० मि.मी. सरकते. सरकत्या कप्पीचा हा जुनाच हिशेब आहे. एखाद्या दाव्याचे सगळे वेगळेपण ‘मागचे टोक सांगाड्याच्या दुप्पट अंतर सरकते’ एवढेच असेल, तर त्यात शोधाची पायरी नाही. ती रचनेतून आपोआप निघणारी गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट ताणाची. वाकलेल्या थराच्या बाहेरच्या पृष्ठभागावर पडणारा ताण ढोबळमानाने जाडी भागिले त्रिज्येची दुप्पट एवढा असतो. ०.१ मि.मी. जाडीचा थर ३ मि.मी. त्रिज्येवर वळवला तर ताण सुमारे १.७ टक्के होतो, ०.०३ मि.मी. जाडीची अतिपातळ काच त्याच त्रिज्येवर ०.५ टक्क्यावर राहते. तीन थर कडक गोंदाने एकजीव केले तर जाडी एकत्र मोजावी लागते आणि ताण भलताच वाढतो; गोंद मऊ ठेवला तर थर एकमेकांवर किंचित घसरतात आणि प्रत्येक जण आपापल्या मध्यपातळीभोवती (जाडीतल्या मधल्या, न ताणल्या जाणाऱ्या पातळीभोवती) वाकतो. म्हणून ‘वळणाच्या भागात मऊ गोंद’ हे एकटे वैशिष्ट्य फारसे आशादायक नसते. मात्र मऊ गोंद बराच वेळ वळलेल्या अवस्थेत राहिला की हळूहळू सरकून बसतो, आणि पडदा उघडल्यावर तिथे लाट दिसते. मऊपणाचा फायदा आणि त्याचे हे दुखणे दोन्ही एकाच वेळी सोडवणारी रचना असेल, तर ती गांभीर्याने तपासावी.

गुंडाळणारे शटर, कन्व्हेयर पट्टा, मोजपट्टी यांचे जुने दस्तऐवज फोनच्या अर्जाविरुद्ध वापरता येतात का?

वापरता येतात, पण प्रत्येक वेळी नाही. अमेरिकेत दस्तऐवज एक तर त्याच क्षेत्रातला असावा लागतो किंवा शोधकर्त्याला भेडसावणाऱ्या समस्येशी वाजवी रीतीने संबंधित असावा लागतो. त्यामुळे समस्या कशी मांडली यावर सगळे ठरते. डिस्प्लेला मागून आधार देणाऱ्या पट्ट्यांचेच पाहा. ‘आडव्या पट्ट्यांची साखळी वळणावरून सुरळीत जावी’ ही समस्या असेल, तर शटर आणि कन्व्हेयर दोन्ही जवळचे आहेत, आणि यांत्रिक अभियंता तिकडे पाहीलच. ‘बोटाच्या दाबाखाली ओएलईडी थराला आधार मिळावा आणि त्यावर पट्ट्यांच्या कडांचे वळ उमटू नयेत’ ही समस्या असेल, तर शटरच्या दस्तऐवजात तिचा मागमूसही नसतो.

समस्येच्या वाक्यात उपायाची चाहूल येऊ देऊ नये. ‘वळणाजवळ अरुंद पट्ट्या वापरून आधार कसा सुधारावा’ अशी समस्या लिहिणाऱ्याने उत्तर आधीच प्रश्नात घालून ठेवलेले असते.

एखादे उदाहरण संपूर्ण सोडवून दाखवाल का?

एक काल्पनिक दावा घेऊ. पहिला सांगाडा, त्यावर सरकणारा दुसरा, दुसऱ्याच्या कडेला रोलर, त्यावरून वळणारा लवचिक डिस्प्ले, डिस्प्लेच्या पाठीला चिकटवलेली आडव्या पट्ट्यांची साखळी, आणि शेवटची अट अशी की, उपकरण बंद असताना रोलरवर थांबून राहणाऱ्या पट्ट्या बाकीच्या पट्ट्यांपेक्षा अरुंद असाव्यात.

पहिला दस्तऐवज सरकत्या फोनचा आहे. त्यात शेवटची अट सोडून सगळे आहे आणि पट्ट्या सारख्या रुंदीच्या आहेत. दुसरा दस्तऐवज साखळीच्या कन्व्हेयरचा आहे आणि कडी लहान केली की वळणावरचा धक्का कमी होतो असे तो सांगतो.

ते खरेही आहे. साखळी रोलरवरून जाताना वर्तुळाऐवजी बहुभुज तयार होतो, आणि प्रत्येक पट्टीबरोबर पृष्ठभाग थोडा वर-खाली होतो. त्रिज्या ४ मि.मी. असेल आणि पूर्ण वर्तुळात ८ पट्ट्या बसत असतील, तर हा चढउतार सुमारे ०.३० मि.मी. असतो, १६ पट्ट्या बसवल्या तर तो सुमारे ०.०८ मि.मी. वर येतो. पट्टी निम्मी केली की लाट जवळजवळ चौथाईवर येते. तेव्हा ‘सर्व पट्ट्या अरुंद करा’ हे जाणकाराला नक्कीच सुचले असते, त्याचे कारण लिखित आहे आणि परिणामही आधी सांगता येतो.

पण दावा सर्व पट्ट्यांबद्दल नाही, फक्त बंद अवस्थेत रोलरवर थांबणाऱ्या पट्ट्यांबद्दल आहे. कन्व्हेयर सतत फिरतो. त्यात कुठलीच कडी वळणावर तासन्‌तास थांबत नाही, त्यामुळे काही निवडक कड्याच अरुंद करण्याचे कारण तो दस्तऐवज देऊ शकत नाही. आता अर्जाच्या वर्णनपत्रात (शोध सविस्तर समजावणाऱ्या भागात) काय लिहिले आहे ते पाहावे लागते. समजा तिथे असे दाखवले आहे की, डिस्प्ले मुख्यतः दोन पट्ट्यांमधल्या फटीत वाकतो, उपकरण बहुतेक वेळ बंद असते, म्हणून वळ नेमके त्याच ठिकाणी उमटतात, आणि बाकीच्या पट्ट्या रुंद ठेवल्यामुळे उघड्या पडद्याचा ताठपणा टिकतो. वळ उमटण्याचे हे कारण पूर्वज्ञानात कोणी ओळखले होते का? ओळखले असेल, तर निवडक पट्ट्या अरुंद करणे ही पुढची साधी पायरी ठरते आणि मी दावा टिकणार नाही असा अभिप्राय देईन. ओळखले नसेल, तर शोध समस्येचे मूळ सापडण्यात आहे, आणि मूळ सापडल्यावर उपाय सोपा वाटतो एवढ्यावरून दावा नाकारणे चुकीचे होईल.

हाच दावा ‘किमान काही पट्ट्यांची रुंदी वेगवेगळी असावी’ असा सैल लिहिला असता, तर वरचा सगळा युक्तिवाद निरुपयोगी ठरला असता. तपासणी दाव्याच्या शब्दांची होते. शोधकर्त्याच्या हातातल्या सुंदर नमुन्याची होत नाही.

उत्तर माहीत झाल्यावर सगळेच सोपे वाटते. हा दोष टाळायचा कसा?

याला पश्चातदृष्टीचा दोष म्हणावे. सरकत्या उपकरणाच्या बाबतीत तो फार सहज घडतो, कारण आकृती एकदा पाहिली की डोळ्यांना दुसरी रचना सुचतच नाही. मी पुढील क्रम पाळतो आणि तो पाळावा असे कळकळीने सुचवतो. अर्जाच्या आकृत्या बाजूला ठेवाव्यात, सर्वांत जवळचा एकच दस्तऐवज वाचावा, आणि त्यातल्या उपकरणाच्या अडचणी स्वतःच्या शब्दांत लिहून काढाव्यात. मग त्या अडचणींवर जाणकारासमोर असलेले सगळे पर्याय लिहावेत, फक्त दाव्यातला नव्हे. डिस्प्ले सैल पडत असेल तर पर्याय अनेक असतात: मागच्या टोकाला स्प्रिंग, दोरी आणि दुसरी कप्पी, मोटरने फिरणारा रोलर, रॅक आणि पिनियन (दातेरी पट्टी आणि दातेरी चाक), सांगाड्याच्या बाजूंना खाचा. पर्याय मोजके, माहीत असलेले आणि भाकीत करता येण्याजोगे असतील, तर त्यांतला एक निवडणे सहज सुचण्याजोगे ठरू शकते. पर्याय बरेच असतील आणि प्रत्येकाने नवी अडचण निर्माण होत असेल, तर ‘प्रयत्न करून पाहिला असता’ असे म्हणणाऱ्याने तोच पर्याय का, हे सांगितले पाहिजे.

पूर्वज्ञान ‘उलट दिशा’ दाखवते असे कधी म्हणता येते?

दस्तऐवजाने दाव्यातल्या मार्गाला नावे ठेवली असतील, तो निष्फळ ठरेल असे सांगितले असेल, किंवा त्या मार्गापासून परावृत्त केले असेल तेव्हा. केवळ दुसरा मार्ग पसंत केला म्हणजे पहिल्याला विरोध केला असे होत नाही, आणि अर्जदार नेमके याच ठिकाणी घसरतात. यापेक्षा बळकट युक्तिवाद दुसरा आहे: सुचवलेला बदल केल्यावर मूळ उपकरण आपल्या हेतूसाठी निकामी होते का? एखाद्या दस्तऐवजातला डिस्प्ले स्थिर, गुळगुळीत कडेवरून घसरतो आणि जाडी कमी ठेवणे हाच त्याचा जाहीर हेतू आहे असे समजा. त्या जागी दातेरी रोलर, बेअरिंग आणि मोटर बसवण्याची सूचना त्या हेतूच्याच मुळावर येते. मात्र बदलामुळे थोडे नुकसान आणि बराच लाभ होत असेल, तर जाणकार असा व्यवहार रोज करतो, आणि तेवढ्याने दावा वाचत नाही.

दाव्यात त्रिज्या, जाडी, रुंदी यांचे आकडे घातले की काम भागते का?

क्वचितच. जुन्या दस्तऐवजात त्रिज्या २ ते ५ मि.मी. असेल आणि दाव्यात ३ ते ४ मि.मी. असेल, तर अमेरिकेत ते प्रथमदर्शनी सहज सुचण्याजोगेच मानले जाते. त्या मर्यादेत काही अनपेक्षित घडते, हे अर्जदाराने आकड्यांनी दाखवावे लागते. ताणाचे सूत्र वर दिलेच आहे. त्या सूत्रातून निघणारा परिणाम अनपेक्षित कसा म्हणावा? दोन राशी एकमेकींच्या विरुद्ध खेचत असतील आणि त्यांच्यातला संबंध पूर्वी कोणाला माहीत नसेल, तर आकड्यांना वजन येते.

अजून प्रसिद्ध न झालेला आधीचा अर्ज विरुद्ध जाऊ शकतो का?

या क्षेत्रात हा प्रश्न अतिशय कळीचा आहे, कारण मोजक्या कंपन्या काही महिन्यांच्या अंतराने एकमेकांसारखे असंख्य अर्ज करतात आणि अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतात. आधी दाखल झालेला पण नंतर प्रसिद्ध झालेला अर्ज युरोपात फक्त नावीन्याविरुद्ध (शोध मुळात नवा आहे का, या अटीपुरता) वापरता येतो. शोधाची पायरी तपासताना तो विचारात घेत नाहीत. अमेरिकेत तोच अर्ज कलम १०३ खाली दुसऱ्या दस्तऐवजाशी जोडूनही वापरता येतो. प्रभावी दाखल तारखेला दोन्ही अर्ज एकाच मालकाचे असतील तर मात्र तेथे सूट मिळते. भारतात सहज सुचण्याजोगे असल्याचा आक्षेप प्राधान्य तारखेपूर्वी प्रसिद्ध किंवा वापरात असलेल्या गोष्टींवर उभा राहतो. नंतर प्रसिद्ध झालेला आधीचा अर्ज पूर्वदाव्याच्या (तोच दावा आधीच्या अर्जात केलेला असल्याच्या) आक्षेपासाठी पुढे येतो. म्हणून एकाच उपकरणाचा अभिप्राय तीन ठिकाणी तीन वेगळा येऊ शकतो आणि तिन्ही बरोबर असू शकतात.

प्रदर्शनात दाखवलेला नमुना विसरू नये. अर्जापूर्वी स्वतःच दाखवलेल्या नमुन्यासाठी अमेरिकेत १ वर्षाची सवलत आहे. युरोपात ती जवळजवळ नाहीच.

बाजारातले यश किंवा इतरांचे अपयश पुरावा म्हणून चालते का?

चालते, पण ते दाव्यातल्या वैशिष्ट्यामुळेच घडले हे जोडून दाखवावे लागते. एलजीने २०२१ च्या जानेवारीत गुंडाळणाऱ्या फोनची झलक दाखवली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये मोबाइलचा व्यवसायच बंद करण्याचे जाहीर केले. तो फोन बाजारात आला नाही म्हणून ‘इतरांना ही समस्या सोडवता आली नाही’ असे म्हणणे लंगडे ठरेल. अपयश तांत्रिक होते हे वेगळ्या कागदांनी सिद्ध करावे लागेल.

भारतात कलम ३(फ) चा आक्षेपही येतो. तो वेगळा आहे का?

वेगळा आहे. ज्ञात साधनांची केवळ मांडणी, फेरमांडणी किंवा द्विरुक्ती, ज्यात प्रत्येक साधन ज्ञात पद्धतीने एकमेकांपासून स्वतंत्र काम करते, ती त्या कलमाखाली शोध मानली जात नाही. सरकत्या डिस्प्लेत रोलर, पट्ट्या आणि ताण देणारी स्प्रिंग एकमेकांवर अवलंबून असतात. स्प्रिंग काढली की पट्ट्या रोलरवरून उचलल्या जातात. हे परस्परावलंबन वर्णनपत्रात दाखवलेले असेल तर हा आक्षेप सहसा दूर करता येतो.

पडदा मोठा झाल्यावर ॲपची मांडणी बदलते, हे वैशिष्ट्य शोधाची पायरी देईल का?

मांडणी केवळ डोळ्यांना बरी दिसावी म्हणून असेल, तर युरोपात ते वैशिष्ट्य हिशेबात धरले जात नाही. सरकण्याचा वेग मोजून चित्र पडद्याच्या कडेबरोबर स्थिर ठेवणे यासारखा तांत्रिक परिणाम असेल, तर धरले जाते.

परीक्षकाच्या आक्षेपाला उत्तर देताना सर्वांत आधी काय पाहावे?

परीक्षकाने कारण दिले आहे का, ते पाहावे. ‘पहिला आणि दुसरा दस्तऐवज जोडणे जाणकाराला सुचले असते’ हे कारण नव्हे, तो निष्कर्ष आहे. अॅग्रीबोर्ड इंटरनॅशनलच्या प्रकरणात २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, शोधाची पायरी नाही म्हणून अर्ज फेटाळताना पूर्वज्ञान काय होते, अर्जातला शोध काय आहे आणि तो जाणकाराला कसा सुचला असता, या तिन्हींची चर्चा आदेशात असायला हवी. त्यानंतर दाव्यातले प्रत्येक वैशिष्ट्य एका रकान्यात आणि ते दस्तऐवजात नेमके कोणत्या परिच्छेदात सापडते हे शेजारच्या रकान्यात लिहावे. रिकामा राहिलेला रकाना हा तुमचा फरक. त्या फरकाने डिस्प्लेच्या ताणात, आधारात किंवा सपाटपणात काय बदलले, ते मूळ वर्णनपत्रातल्या वाक्यानिशी दाखवावे. ते वाक्य मूळ वर्णनपत्रात नसेल तर नंतर नवा मजकूर त्यात घालता येत नाही. म्हणून अर्ज लिहितानाच शोधकर्त्याला पहिला नमुना कुठे फसला, वळ कुठे उमटले, किती तासांनी उमटले हे विचारून तो तपशील आकड्यांसह वर्णनपत्रात नोंदवावा.